सातव्या थरातलं वासरू

१

निकाल आले त्या मंगळवारी लेनोरा काचेच्या नळ्या धूत होती. प्रत्येक नळी तीनदा धुवायची, उलटी ठेवायची, मग भट्टीत भाजायची. एकोणीस वर्षं ती हेच काम करत आली होती, त्यामुळे हात चालू असताना डोकं कुठेही भटकायला मोकळं असे. तळघराची खिडकी जमिनीला टेकलेली होती. तिच्यातून गाड्यांची चाकं दिसत आणि वाऱ्यानं आडवं झालेलं गवत.

ओरेस्ट जिना उतरून आला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात डबा. त्याची आई अजून दर सोमवारी पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, करून पाठवायची आणि तो पन्नाशीचा माणूस त्या मंगळवारी सगळ्यांना वाटत फिरायचा.

"तुझ्या भावाच्या कड्याचे निकाल आलेत," तो म्हणाला. "आधी हात पूस. आणि आधी खा. वाचलंस की खाणार नाहीस."

"एवढं वाईट आहे?"

"वाईट नाही. वेडगळ आहे."

तिनं हात पुसले आणि कागद घेतला. सात ओळी होत्या. कड्याखालच्या खड्ड्यात हाडांचे सात थर सापडले होते, एकावर एक. प्रत्येक थर म्हणजे एकेका काळातली शिकार. वरून बायसनचा कळप कड्यावर आणायचा, खाली पडू द्यायचा, खाली माणसं सुऱ्या घेऊन उभी. मग कित्येक वर्षं कोणी यायचं नाही, वारा माती आणून टाकायचा. मग पुन्हा एक कळप. लेनोराचं काम त्या हाडांतलं प्रथिन वेगळं करायचं. ते शेवटी पांढऱ्या कापसासारखं होई, नखावर मावेल एवढं. ते पूर्वेकडच्या एका शहरात यंत्राकडे जाई; तिथली रांग वर्षभराहून लांब असे. त्यातला किरणोत्सारी कार्बन किती उरलाय ते यंत्र मोजी आणि जनावर मरून किती वर्षं झाली ते सांगे.

पहिला थर, दोनशे दहा वर्षं. दुसरा, सातशे. तिसरा, साडेबाराशे. बोट खाली सरकत गेलं तसे आकडे वाढत गेले. सहावा, चार हजार नऊशे.

सातव्यासमोर आकडा नव्हता. एक शब्द होता: आधुनिक.

"या धंद्यात 'आज' म्हणजे एकोणीसशे पन्नास," ओरेस्ट उगीचच म्हणाला. तिला ते पाठ होतं. पन्नासनंतर बॉम्बच्या चाचण्यांनी हवेतला कार्बन बिघडवून ठेवला, आणि त्यानंतर जे जे जन्मलं त्याच्या हाडांत तो बिघाड आहे. तो दरवर्षी थोडा थोडा उतरत आलाय. म्हणून नव्या हाडाचं तर वर्षसुद्धा सांगता येतं. "आणि हे पन्नासचंही नाही. हे गेल्या वर्षीचं आहे."

"सर्वांत खालचा थर?"

"सर्वांत खालचा." त्यानं डबा तिच्यासमोर सरकवला. "लेनोरा, क्लेमंटनं पिशव्यांत गोंधळ केला असणार. होतं असं. अहवालात एक ओळ टाकू, खणणाऱ्याची चूक, सातवा थर बाद. कोणी काही विचारणार नाही."

क्लेमंट तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो खड्डा त्यानं खणला होता. पदवी नाही, कॉलेज नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खड्ड्यांत थापी चालवून तो शिकला. या अहवालावर खणणारा म्हणून पहिल्यांदा रिझर्वमधल्या, मूळ रहिवाशांच्या राखीव वस्तीतल्या, माणसाचं नाव छापलं जाणार होतं. त्याच ऑक्टोबरात तो गेला.

"त्यानं आयुष्यात कधी पिशवी बदलली नाही," लेनोरा म्हणाली.

"माणूस होता तो."

"त्याच्या नावाखाली ती ओळ यायची नाही, ओरेस्ट."

ओरेस्टनं तिच्याकडे पाहिलं, एक पेरोगी उचलून तिच्या हातात दिली आणि वर गेला.

२

हाड कपाटात होतं. तळहाताएवढी, वासराच्या पायाची नळी. पिशवीवर क्लेमंटचं पेन्सिलीचं अक्षर. तो शाई वापरत नसे. शाई उडते, पेन्सिल राहते, म्हणायचा. थर सात, खोली दोन मीटर नव्वद, तारीख, आणि कोपऱ्यात त्याची खूण, एक छोटा खूर. पिशवीचं तोंड त्यानं दोनदा दुमडून दोऱ्यानं बांधलं होतं. दुसऱ्या कोणाला तशी गाठ मारता येत नसे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुकडा कापायला लेनोरानं ती सोडवली होती आणि पुन्हा तशीच मारायचा प्रयत्न केला होता. जमलं नव्हतं.

तिनं एप्रिलची वही काढली.

जुनं हाड करवतीखाली खडूसारखं वागतं. पांढरी पूड पडते आणि वास जवळजवळ येत नाही. त्या दिवशी मात्र जळक्या केसांचा वास आला होता. तिनं मान वर करून करवतीच्या मोटारीकडे पाहिलं होतं, मोटार तापली असेल म्हणून पाच मिनिटं थांबली होती. वहीत तशी नोंदही होती, 'मोटार तापते. सांगणे.' आणि खाली, प्रथिन किती निघालं त्याचा आकडा. पाच हजार वर्षांच्या हाडातून शंभरात तीन-चार भाग निघाले तर नशीब. इथे वीस निघाले होते. तिनं शेजारी लिहिलं होतं, 'छान टिकलंय.'

तेव्हा क्लेमंटला जाऊन नुकतेच सहा महिने झाले होते. ती कामावर येत होती एवढंच.

पिशवी परत ठेवताना तिला कागदावर डाग दिसला. नाण्याएवढा, पारदर्शक. वडीच्या कागदावर पडतो तसा तेलाचा. तिनं बोट लावून नाकाशी नेलं.

तळघरात सगळ्याच गोष्टींना कसला तरी वास येतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

३

"धूर," ओरेस्ट दुसऱ्या दिवशी म्हणाला. रात्रभर विचार करून आल्यासारखा. "तो प्रत्येक हाडाला धुरी द्यायचा की नाही? ते सुगंधी गवत जाळून?"

"द्यायचा."

"झालं तर! यंदाचं गवत, यंदाचा कार्बन. धूर हाडात मुरला."

ही चूक खरंच फक्त लेनोराच्या माणसांच्या हातून झाली असती. क्लेमंट हाड मातीतून काढी, पिशवीत घालण्याआधी गवताच्या वेणीचा धूर त्यावरून फिरवी आणि पुटपुटे. बाहेरून आलेले विद्यार्थी आधी हसायचे, मग आठवड्याभरात आपापल्या थाप्या घेऊन धुरीला रांगेत उभे राहायचे. लेनोरानं क्षणभर त्या कारणाला घट्ट धरलं. मग सोडलं.

"धुरी सातही थरांना दिली होती. सहा बरोबर आले."

"सातव्याला जास्त दिली असेल."

"मी हाडाचं वरचं कवच घासून काढते. आम्लात दोन दिवस ठेवते. क्षारात धुते. पाच हजार वर्षांचं हाड कालचं दिसायला ते पूर्णच्या पूर्ण धुराचं बनलेलं हवं. तूच शिकवतोस हे पोरांना."

ओरेस्ट हसला नाही. "एक संधी," तो म्हणाला. "याच हाडाचा दुसरा तुकडा. अहवाल सप्टेंबरअखेर जायचाय. पुढच्या महिन्यात खड्डा बुजवायला यंत्र येतंय. निकाल बरोबर आला तर ओळ नाही. नाही आला तर ओळ. कबूल?"

"कबूल."

कापायच्या आधी तिनं हाड काट्यावर ठेवलं. एप्रिलच्या वहीप्रमाणे तुकडा कापल्यावर एकोणसत्तर ग्रॅम उरलं होतं. काटा त्र्याहत्तर दाखवत होता.

तिनं पितळेचं वजन ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. तळघरातली दमट हवा, ती म्हणाली. हाड पाणी ओढतं. तिनं ते दोन दिवस कोरड्या पेटीत ठेवलं आणि पुन्हा मोजलं.

त्र्याहत्तर.

मग तिनं करवत चालू केली. मोटार थंडगार होती. वास पहिल्या फटक्यातच आला, आणि पूड पडली नाही. ओलसर भुसा पात्याला चिकटून राहिला.

४

रविवारी ती रिझर्ववर मावशीकडे गेली. रोझली मावशी ऐंशीची होती, एका डोळ्यानं अंधुक पाही आणि दोन्ही कानांनी सगळं ऐके. चुलीवर बेरींचं सूप होतं, टेबलावर तव्यावरची जाड पोळी.

"बारीक झालीस," मावशी म्हणाली.

"गेल्या वेळी जाड झालीस म्हणाली होतीस."

"मग मधे कधीतरी बरोबर असशील, तेव्हा ये की." तिनं सूप वाढलं. "खड्डा अजून उघडाच?"

"फळ्या टाकून झाकलाय. पुढच्या महिन्यात बुजवतील."

मावशीनं हातातली पळी खाली ठेवली. त्यांच्या घरची एक रीत होती. जमीन उघडायची तर आधी चिमूटभर तंबाखू ठेवून विचारायचं, आणि बंद करताना पुन्हा ठेवून सांगायचं, झालं, आता आम्ही निघालो. ज्या घरानं विचारलं त्याच घरानं सांगायचं. क्लेमंटनं विचारलं होतं. सांगायच्या आधीच तो गेला. कड्याच्या माथ्यावर फाटकापाशी, त्याच्या ट्रकमध्ये, इंजिन चालू. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्रेचाळिसाव्या वर्षी.

"दोन वर्षं दार उघडं टाकून घरातून निघून गेल्यासारखं आहे हे," मावशी म्हणाली. "तुला सांगून थकले."

"मला तिथे जाववत नाही, मावशी."

"मला तरी कुठे जाववतंय? माझे गुडघे नाहीत आणि तुझं मन नाही. पण गुडघे परत येत नाहीत." तिनं कपाटातून लाल कापडाची पुडी काढून लेनोराच्या पुढ्यात ठेवली. "बुजवायच्या आधी. तुझ्या हातानं. तळाशी."

लेनोरानं पुडी पिशवीत टाकली. मग बराच वेळ मनात असलेलं विचारलं. "त्याचं ते वासराचं कातडं तुझ्याकडे आहे का गं? पोलिसांनी ट्रकमधलं सामान दिलं त्यात नव्हतं."

ते कातडं घेऊन क्लेमंट शाळेतल्या पोरांना दाखवायचा, पूर्वी कळप कसा आणायचे ते. दगडांच्या ढिगांच्या दोन रांगा, मैलभर लांब, कड्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. रांगांच्या तोंडाशी एक माणूस वासराचं कातडं पांघरून ओणवा, चुकलेल्या वासरासारखा हंबरत. कळप त्याच्यामागे जातो. क्लेमंटचं हंबरणं इतकं हुबेहूब होतं की शेजारच्या रँचवरच्या गायी कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या आणि पोरं लोळायची.

"माझ्याकडे कुठलं," मावशी म्हणाली. "असेल त्याच्याचकडे."

"मावशी!"

"काय मावशी? डाव्या टाचेला झिजलेलाच बूट पुरला तुम्ही त्याच्या पायात. नवा घ्या म्हटलं होतं मी. घोड्यावरून पडल्यापासून पाय ओढायचा बिचारा. लांबचं चालणं आहे, म्हटलं." तिनं बाहीनं डोळे पुसले. "पोळी घे. गार होतेय."

५

दुसरा निकाल सव्वीस सप्टेंबरला आला. यंत्रवाल्यांनी घाई करून दिला होता. ओरेस्टनं या वेळी डबा आणला नव्हता. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसला.

"गेल्या वर्षीचं नाही," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. "म्हटलं होतं मी."

"या वर्षीचं आहे."

तिनं हातातली नळी खाली ठेवली.

"मी फोन केला त्यांना. म्हटलं, तेच हाड आहे, दोन तुकड्यांत एका वर्षाचा फरक कसा येईल? म्हणाले, यंत्राला विचारा. मोठ्या जनावराच्या हाडात जुना-नवा कार्बन मिसळलेला असतो, समजू शकतो. पण हे वासरू आहे. वासराला जुनं काही नसतं. ज्या वर्षीचं दूध, त्या वर्षीचं हाड." त्यानं टक्कल चोळलं. "गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कापलं तेव्हा ते त्या वर्षीचं दूध पीत होतं. यंदा ऑगस्टमध्ये कापलं तेव्हा या वर्षीचं."

"मग ही पिशव्यांची चूक नाही," लेनोरा म्हणाली. आपला आवाज आनंदी निघाला याची तिला लाज वाटली. "पिशवीच्या गोंधळात वर्ष पुढे सरकत नाही. पिशवी दोन वर्षं माझ्या कपाटात आहे. क्लेमंटची चूक असूच शकत नाही."

"नाही," ओरेस्ट म्हणाला. "क्लेमंटची नाही."

खिडकीबाहेर एक गाडी सुरू झाली, चाकं हलली, गेली. मग दोघांनाही कळलं की त्यांनी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

"गुरुवारी खड्डा बुजवतायत," ओरेस्ट उठत म्हणाला. "उद्या आपण दोघं जाऊ. भिंतीतून मी स्वतःच्या हातानं नमुना काढतो. कोणाची पिशवी नाही, कोणाचा धूर नाही. आणि तसंच निघालं ना, तर पुढच्या उन्हाळ्यात तीस पोरं आणून सातव्याच्याही खाली जाऊ. तुझ्या भावाचं नाव जगभर होईल, बाई."

ती रात्रभर हे वाक्य उशाशी घेऊन झोपली. सकाळी निघताना तिनं पुडी ट्रकच्या खणात ठेवली. हाड कपाटातच ठेवलं. वजन करावं असं मनात आलं. केलं नाही.

६

बुधवारी दुपारी बाराला ऊन लख्ख होतं आणि चिनूक वारा सुटला होता, उबदार, न थांबणारा. ट्रक माथ्यावर फाटकापाशी लावून ते वळसा घालून कड्याखाली उतरले. पायवाटेला वीस मिनिटं लागली. लेनोरा दोन वर्षांत पहिल्यांदा येत होती, आणि तिच्या लक्षात आलं की इथे काहीच बदललेलं नाही. उलट त्याचंच वाईट वाटलं.

त्यांनी फळ्या बाजूला केल्या.

खड्डा दोन माणसं खोल, चौकोनी. भिंतीवर हाडांच्या पट्ट्या दिसत होत्या, मधे मधे पिवळट माती. प्रत्येक पट्टीला क्लेमंटनं खिळ्यानं चिठ्ठी टोचली होती. एक, दोन, तीन. पेन्सिल उडाली नव्हती. तळ त्यानं ब्रशनं झाडून ठेवला होता, कोणी पाहुणे येणार असल्यासारखा. दोन वर्षांत फळ्यांच्या फटींतून धूळ पडायला हवी होती. तळ स्वच्छ होता.

ओरेस्ट शिडी लावून उतरला. "ओलं आहे इथे," त्याचा आवाज आला. "सातवा थर ओला आहे. वरचे सगळे कोरडे. झरा असेल."

"पाणी आहे?"

"पाणी नाही... चिकट आहे." थोडा वेळ गेला. "लेनोरा, तुला वास येतोय का?"

येत होता. गोठ्याचा. गरम अंगाचा आणि दुधाचा. दोन मीटर नव्वद खोल मातीतून.

"शेजारच्या गायी," ती म्हणाली.

"हो. वारा तिकडूनच आहे," ओरेस्ट म्हणाला. वारा तिकडून नव्हता.

तेव्हा वरून, माथ्यावरून, हंबरणं ऐकू आलं. एकदाच. आखूड, नाकातलं, शेवटी प्रश्नासारखं वर जाणारं. ओरेस्टनंही मान वर केली.

"चुकलंय वासरू कुणाचं तरी," तो म्हणाला आणि पुन्हा थापी घेऊन वाकला.

लेनोराला तंबाखूची आठवण झाली. पुडी ट्रकच्या खणात राहिली होती. "मी वर जाऊन येते," ती म्हणाली. "एक वस्तू राहिली."

"दम खात खात जा. चाळीस मिनिटं आहेत माझी."

ती वळसा घालून चढू लागली. आपण पुडीसाठी चाललो आहोत असं तिनं वाटेत दोनदा मनाशी म्हटलं.

७

ट्रकचं दार उघडून तिनं पुडी घेतली. लाल कापड मुठीत धरलं. फाटकापासून पायवाट डावीकडे जाते. उजवीकडे मोकळं गवत, आणि गवतात त्या जुन्या दगडांच्या रांगा. बरेच ढीग मातीत गेलेले, तरी डोळ्याला सवय असली की दिसतात.

वासरू त्या दोन रांगांच्या मधे होतं. शंभर पावलांवर, तिच्याकडे पाठ करून.

तपकिरी, छोटं. चाल विचित्र होती. मागचा भाग वर, पुढचा खाली, आणि डावा मागचा पाय किंचित ओढत. लंगडं आहे, तिला वाटलं. कोणी तरी रँचवाल्याला सांगायला हवं. ती चार पावलं पुढे गेली, नीट पाहता यावं म्हणून. वासरू तेवढंच पुढे गेलं. थांबलं. हंबरलं.

पोरं त्या आवाजाला लोळायची. ती स्वतः स्वयंपाकघरात असताना तो मागून येऊन कानाशी तसं हंबरायचा, तिच्या हातून भांडं पडायचं आणि ती ओला हात त्याच्या पाठीत घालायची. 'तायडे, घाबरलीस!'

गवत गुडघ्याला लागत होतं. ते कधीपासून लागतंय ते तिला कळलं नाही. वारा पाठीवर होता, उबदार, आणि त्याच्यासोबत चालणं सोपं होतं. रांगा दोन्ही बाजूंनी जवळ येत होत्या. तिला दिसत होतं की त्या जवळ येतायत. त्याचा अर्थही तिला माहीत होता, जसा नळ्यांना तीनदा धुण्याचा माहीत होता. तो अर्थ कुठेतरी दूर होता आणि वासरू जवळ होतं.

आता वीस पावलं. त्याच्या अंगावरचं कातडं पाठीवर नीट बसलेलं नव्हतं. एका बाजूला घसरलं होतं, आणि ते चालताना कडेनं हलत होतं. खाली गवत होतं, म्हणून पाय दिसत नव्हते. मग गवत संपलं आणि खडक आला.

मागच्या दोन पायांना खूर नव्हते. तळवे होते. तिच्याकडे वर केलेले, रांगणाऱ्याचे असतात तसे. बुटांचे तळवे. डावी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली.

ते कडेवरून पुढे गेलं. पडलं नाही. पायरी उतरावी तसं गेलं.

"लेनोरा!" आवाज खालून आला, खूप खालून. "लेनोरा, पाय! पायाखाली बघ!"

तिनं पाहिलं. बुटांची टोकं खडकाच्या पुढे होती. त्यांच्या खाली, हाताच्या पंजाएवढा, खड्ड्याचा काळा चौकोन आणि त्याच्या काठावर तोंड वर केलेला ओरेस्ट.

ती बसली. मग पालथी होऊन, कोपरांवर, मागे मागे सरकत गवतापर्यंत आली आणि तिथे पडून राहिली.

ओरेस्ट धावत वर यायला पंधरा मिनिटं लागली. धापा टाकत त्यानं तिला दंडाला धरून ट्रकमध्ये बसवलं, दार लावलं, दुसऱ्या बाजूनं आत बसला आणि इंजिन चालू केलं. तो पांढरा पडला होता. थापी, पिशवी, शिडी, सगळं खालीच राहिलं होतं.

"वेड लागलंय तुला?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "आणि तो आवाज कशाला काढत होतीस?"

"कसला आवाज?"

"सारखी हंबरत होतीस. मी म्हणून तर वर पाहिलं."

लेनोरानं मुठीकडे पाहिलं. लाल पुडी तिच्यात होती, घट्ट, घामानं भिजलेली. तिनं ती समोरच्या खणात टाकली आणि खण बंद केला.

८

गुरुवारी यंत्र आलं. माणसांनी शिडी बाहेर काढली आणि खड्डा भरला. संध्याकाळी पाचपर्यंत काम संपलं, असा निरोप आला.

शुक्रवारी ओरेस्ट अहवाल घेऊन तळघरात आला. बुधवारबद्दल दोघंही बोलले नव्हते.

"माझा नमुना काढायचा राहिला," तो म्हणाला. "पण दोन निकाल आहेत. तेवढे पुरे. आपण लिहू की सातवा थर समजत नाही, पुन्हा उघडायला हवा. तुझ्या भावाची चूक नाही. तू म्हणत होतीस तसं."

लेनोरानं खुर्ची ओढली. आदल्या दोन रात्री तिनं याच एका गोष्टीचा विचार केला होता. प्रयोगशाळेची चूक म्हटलं, माझी म्हटलं, तरी नवा नमुना घ्यायला माणसं येतील. समजत नाही म्हटलं तर जास्तच येतील. तीस पोरं, थाप्या घेऊन, माथ्यावर गाड्या लावून. दुपारी जेवायला रांगांच्या मधे बसतील. आणि त्यांच्यातल्या कोणाचं तरी कोणी तरी नुकतं गेलेलं असेल. असतंच.

फक्त एकच गोष्ट अशी होती की जिनं तो थरच बाद ठरला असता.

"ओळ टाक," ती म्हणाली.

"कुठली ओळ?"

"खणणाऱ्याची चूक. पिशव्यांत गोंधळ झाला. सातवा थर विश्वासार्ह नाही, पुन्हा उघडण्यात अर्थ नाही."

"तूच म्हणालीस की त्यानं आयुष्यात कधी..."

"माणूस होता तो, ओरेस्ट."

ओरेस्टनं अहवाल तिच्यासमोर टेबलावर ठेवला. मग त्यानं खिशातून पेन काढलं. तिनं ते घेतलं नाही, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि भावाच्या नावाखाली ती ओळ स्वतः लिहिली. टाइप करणारीला वाचता यावी म्हणून अक्षर नीट काढलं.

तो गेल्यावर तिनं नळ्या धुतल्या. कपाट उघडलं नाही. पिशवीला तिनं बांधलेली ती कच्ची गाठ जागेवर आहे का, तेही पाहिलं नाही.

रात्री जेवायच्या वेळेला मावशीचा फोन आला.

"बुजवला म्हणे खड्डा?"

"हो, काल."

"तंबाखू ठेवलीस ना? तळाशी? तुझ्या हातानं?"

लेनोरानं खिडकीतून बाहेर उभ्या ट्रककडे पाहिलं.

"हो, मावशी," ती म्हणाली. "ठेवली."

"बरं झालं बाई. आता तो निघेल."

तिनं फोन ठेवला आणि पोळी गरम करायला घेतली. तंबाखू ठेवायची राहून गेली होती.